मोडीत गेलेली घडणावळ

इतवारीच्या सराफ्यात चांदीचा जुना दागिना मोडीला नेला म्हणजे सराफ तो काट्यावर ठेवतो; त्यावर मिना असेल तर मिन्याचे वजन वजा करतो. मिना ही अखेर रंगीत काच. तिला चांदीचा भाव कोण देणार? घडणावळीचे तर नावच नको! व्यवहार चोख खरा. पण त्यात वजा होते ते काय?

मिन्यासाठी काच बारीक वाटतात, ओली पूड चांदीवर कोरलेल्या खोलगट जागी भरतात आणि सुमारे ८०० अंशांवर भाजतात. शुद्ध चांदी वितळते ९६१ अंशांवर. तांबे मिसळलेली त्याआधीच. काच वितळावी, चांदी वितळू नये, एवढ्या अरुंद जागेत कारागिराचे कसब उभे असते. मोडीत वजा होते ते हे कसब.

नॉर्वेची गोष्ट उलटी. ऑस्लोत १८७६ साली डेव्हिड अँडरसन पेढी निघाली. तिच्या मिन्याच्या फुलपाखरांचा आणि पानांचा शोध आज देशोदेशींचे संग्राहक घेतात. टवका न उडालेला मिना दिसला की किंमत चढते. चांदीचे वजन मागे पडते. इतवारीत जे वजा, तेच तेथे जमा!

तथापि मजुरीचा हिशेब करण्यात आयुष्य गेलेल्या आम्हांला आणखी एक प्रश्न सुचतो. दागिन्यावर ठसा पेढीचा; भट्टीपाशी बसलेल्या हाताचा कोठे आहे? ग्रेटे प्रिट्झ किटेल्सन यांच्यासारख्या रचनाकारांची नावे तरी उरली. आमच्याकडे तेवढेही नाही. राजा मानसिंगाने लाहोरचे मिनाकार आमेरला आणले, असे परंपरा सांगते. तिने राजाचे नाव जपले, मिनाकारांचे नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू जमवून संग्रहालय उभे केले. सामान्य हातांचे काम जपण्याजोगे असते, हे त्यांनी दाखविले. आमच्या नागपुरातही १८६३ पासून अजब बंगला आहे. पण सारेच संग्रहालयावर कशाला सोपवावे?

आजीची मिन्याची जोडवी मोडीला नेण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा : ही कोणी घडविली? नाव कळले तर चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा. चांदी पुन्हा मिळेल. ते नाव पुन्हा मिळणार नाही.