अंगणात उघडलेली लूना

नगरचे रणगाडा संग्रहालय पाहायला गेलेला पाहुणा ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीच्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपाशी हमखास थबकतो. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाचे ते एक भूषणच आहे. जुन्या, जपलेल्या गाड्या म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अशीच लष्कराची नाहीतर संस्थानिकांची वाहने येतात. पण याच नगरने आणखी एक गाडी घडवली. ती शिक्षकाच्या, कारकुनाच्या, दूधवाल्याच्या दारात उभी राहिली आणि तिचे इंजिन मालकाने स्वतःच्या हाताने उघडले. ती गाडी म्हणजे लूना.

लूनामागचे उद्योजक हस्तीमल फिरोदिया मूळचे नगरचेच. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे नगरचे नामांकित वकील आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. हस्तीमलजींच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडच्या धर्तीवरची, पन्नास सीसीची ही गाडी. तो परवान्यांचा काळ होता. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मोटार तर स्वप्नातच. अशा वेळी सायकलवरून उतरलेला माणूस थेट लूनावर बसला.

ही सायकलची पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. पंक्चर काढणे, चेन बसवणे ही कामे घरोघरी येत होती. लूनालाही पायडल होते, चेन होती, तारांची चाके होती. म्हणजे अर्धी गाडी ओळखीचीच! उरले इंजिन. तेही साधे, टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, पाण्याचा रेडिएटर नाही, ऑइलची वेगळी टाकी नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे.

या साधेपणाची किंमत मात्र होती. पेट्रोलबरोबर ऑइलही जळे आणि त्याची काजळी आत साचत जाई. मग गाडी चढावर दम टाकू लागे, सुरू व्हायला पायडल मारून मारून घाम काढी. यावरचा उपाय म्हणजे ‘कार्बन काढणे’. सुटीच्या दिवशी अंगणात पोते अंथरायचे, नट-बोल्ट हरवू नयेत म्हणून जुनी परात घ्यायची आणि सिलिंडरचे हेड उघडायचे. पिस्टनच्या माथ्यावरचा आणि धूर बाहेर पडतो त्या खिडकीतला कार्बन लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडायचा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्क्रूड्रायव्हरची धार लागली की चरा पडलाच. सायलेन्सरची नळी जाळात भाजून झटकली की काळी खपली गळून पडे. प्लग घासून त्याची फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवायची. कार्ब्युरेटरचे जेट फुंकून साफ करायचे, टाचणी घालायची नाही. भोक मोठे झाले की पेट्रोल जास्त जाते. हेड बसवताना नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आधी आवळली तर हेड वाकते आणि दाब निसटतो.

यातला प्रत्येक नियम कारणासकट शिकला जाई. शेजारच्या काकांनी सांगितलेला, गॅरेजवाल्याशेजारी उकिडवे बसून पाहिलेला. इंजिनिअरिंग कॉलेजचे तोंडही न पाहिलेल्या माणसाला दाब, ठिणगी आणि इंधन यांचे नाते हाताने कळले. पैसे वाचले ते वेगळेच.

लूनाच्या आठवणी काढताना एक गोष्ट मात्र झाकता येणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जाते. कितीही कार्बन काढला तरी हा दोष जात नाही, कारण तो रचनेतलाच आहे. धुराचे निकष १९९१ मध्ये आले आणि १९९६ व २००० मध्ये आणखी कडक झाले, तसे हे इंजिन मागे पडले. ते योग्यच झाले. आपल्या फुफ्फुसांचा विचार करता त्याबद्दल हळहळ नको.

हळहळ वाटावी ती वेगळ्या गोष्टीची. नव्या गाड्यांचे इंधन संगणक मोजून देतो आणि त्याचा बिघाड कळायला कंपनीचे यंत्र लागते. मालक किल्ली देऊन बाहेर बाकड्यावर बसतो. हा प्रश्न आता सरकारदरबारीही पोचला आहे. ‘दुरुस्तीचा हक्क’ कसा द्यावा हे ठरवण्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल आणि वाहने हे सारे तिच्या कक्षेत आले. सुटे भाग मिळावेत, माहितीपुस्तिका मिळावी, कुठल्याही कारागिराकडे जाता यावे, ही त्यामागची अपेक्षा. लूनाच्या मालकाला हे सारे न मागता मिळाले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवरची ई-लूना आली. तिला पिस्टन नाही, प्लग नाही, काजळीही नाही. पण ती आपल्याला उघडता यावी, हा आग्रह धरायला काय हरकत आहे?

आणि घराच्या मागच्या बाजूला जुनी लूना पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक सकाळ तिला द्या. टाकी रिकामी करा, विस्तव दूर ठेवा, परात आणा. घरातल्या मुलाच्या हाती पाना द्या. पहिला नट त्यालाच सोडवू द्या.