चीनमध्ये शिकताय आणि स्कीइंग करायचंय? बर्फावर उतरण्याआधी हे वाचा

शिरपूरचा उन्हाळा ज्याने काढलाय, त्याला हार्बिनचा जानेवारी कळायला वेळ लागतो. इकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो, तिकडे रात्री उणे २० च्याही खाली जातो. महाराष्ट्रातून एमबीबीएससाठी चीनला गेलेले अनेकजण ईशान्य भागातल्या हार्बिन, शेनयांग, दालियान अशा शहरांत शिकतात. पहिल्या हिवाळ्यातच वर्गमित्र विचारतात, 'हुआश्वे'ला येतोस का? हुआश्वे म्हणजे स्कीइंग.

जायचं तर कुठे? हार्बिनपासून साधारण २०० किलोमीटरवर याबुली आहे. १९९६ आणि २०२५ च्या आशियाई हिवाळी स्पर्धांमधले बर्फावरचे खेळ इथेच झाले. हायस्पीड रेल्वेने याबुली वेस्ट स्टेशनला उतरता येतं. बीजिंगमध्ये राहणाऱ्यांना यानछिंग आणि चोंगली जवळ. २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये गुलमर्गचा आरिफ खान यानछिंगच्याच उतारावर उतरला होता. त्या स्पर्धेत तो भारताचा एकमेव खेळाडू होता. दक्षिण चीनमध्ये असाल तर शांघाय, ग्वांगझोऊला छताखालचा कृत्रिम बर्फ आहे.

रेल्वे तिकीट आणि हॉटेल, दोन्हीला मूळ पासपोर्ट लागतो. मित्राच्या खोलीवर मुक्काम असेल तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हे बरेचजण विसरतात. बूट, स्की, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं, त्यासाठी 'याजिन' म्हणजे डिपॉझिट ठेवावं लागतं. शनिवार-रविवारी आणि चिनी नववर्षाच्या सुट्टीत दर आणि गर्दी दोन्ही वाढतात, त्यामुळे मधल्या वारी गेलेलं बरं.

आता निवड. 'श्वांगबान' म्हणजे स्की: दोन पट्ट्या, हातात काठ्या. 'दानबान' म्हणजे स्नोबोर्ड: एकच फळी, दोन्ही पाय तिला बांधलेले. स्नोबोर्ड फोटोत भारी दिसतो, पण नवखा माणूस पहिला दिवस बहुतेक बसूनच काढतो. नवख्या स्नोबोर्डरचं मनगट मोडतं, स्कीवाल्याचा गुडघा जातो. म्हणून आधी थांबायला शिका: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. पडताना तळहात टेकवू नका, मुठी मिटून कोपरापासूनच्या हातावर भार घ्या. पहिल्या दिवशी 'जियाओलियान' म्हणजे प्रशिक्षक घ्याच. भाषा येत नसली तरी तो हातवाऱ्यांनी शिकवतो.

नियम सोपा आहे: खाली असलेल्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने त्याला चुकवायचं. वाटेच्या मधोमध बसून सेल्फी काढू नका.

खरी गोची विम्याची. विद्यापीठातर्फे काढलेल्या पॉलिसीत 'जास्त जोखमीचे खेळ' वगळलेले असू शकतात आणि स्कीइंग त्यातच मोजलं जातं. पॉलिसी चिनी भाषेत असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला थेट विचारा. बऱ्याच ठिकाणी तिकिटासोबत एका दिवसाचा अपघात विमा मिळतो, तो घ्या. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर खर्च तर आहेच, वर महिनोन्‌महिने फिजिओथेरपी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशात किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. त्यात मोठी रजा पडली तर घरच्यांना काय सांगायचं, हा वेगळाच प्रश्न. (बहुतेकांनी स्कीइंगला जातोय हेच सांगितलेलं नसतं.)

कुणी पडून उठत नसेल तर ओढून उठवू नका. त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा, म्हणजे मागून येणाऱ्यांना दिसेल, आणि गस्तीवरच्या पथकाला बोलवा. अँब्युलन्सचा नंबर १२०. फोन मात्र आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. एवढ्या थंडीत भरलेली बॅटरीही अचानक बंद पडते, आणि चीनमध्ये पैसे, तिकीट, भाषांतर सगळं फोनवरच असतं.