दुष्काळाचा विमा आणि काबूलची लढाई : १८७८ च्या एका वचनाची गोष्ट

गेल्या वेळच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सरकार अमुक कामासाठी म्हणून कर घेतं, सेस घेतं; तो पैसा त्याच कामाला लागतो की नाही, हे सामान्य माणसाला कळायचं कसं?" त्या दिवशी वेळ नव्हता आणि आम्ही उत्तर टाळलं. आज त्याच प्रश्नापासून सुरुवात करू. हा वाद आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याची सुरुवात एका दुष्काळातून झाली.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ. मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचं राज्य, आणि आपल्याकडे सोलापूर, विजापूर, सातारा, नगर, पुणे. ब्रिटिश मुलखातच ५० लाखांहून अधिक माणसं मेली, असं सरकारनेच नेमलेल्या आयोगाने पुढे मान्य केलं. दुष्काळी कामांवर खर्च कमी व्हावा म्हणून सर रिचर्ड टेम्पल यांना खास पाठवण्यात आलं. त्यांनी मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि वर जुजबी पैसे अशी ठरवली. १८७७ च्या जानेवारीत दख्खनमधल्या हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामं सोडली. खडी फोडणाऱ्या उपाशी माणसांचा तो संपच होता. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि सीताराम हरी चिपळूणकर यांनी गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज पाठवले. आणि हे टेम्पलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

आता सरकारच्या बाजूने पाहू. तिजोरीवर मोठा बोजा पडला होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन, आणि त्यांचे अर्थमंत्री सर जॉन स्ट्रेची. स्ट्रेचींनी डिसेंबर १८७७ मध्ये हिशेब मांडला तो असा : हिंदुस्थानात दुष्काळ हा अपघात नाही, तो येणारच. दर दहा वर्षांत सरकारला त्यापायी साधारण १५ कोटी रुपये खर्च येतो असं धरा. म्हणजे वर्षाला दीड कोटी. तेवढी रक्कम चांगल्या वर्षांत दरसाल बाजूला काढली, तर वाईट वर्षी कर्जाच्या खाईत पडावं लागणार नाही. याला त्यांनी नाव दिलं दुष्काळाचा विमा. आम्हाला विचाराल तर कल्पना वाईट नव्हती. तोवर दुष्काळ आला की धावपळ आणि गेला की विसर, असाच कारभार होता. तो दरसालच्या अंदाजपत्रकात आणणं हे मोठं पाऊल होतं.

पण विम्याचा हप्ता भरायचा कोणी? व्यापार-धंदा करणाऱ्यांवर लायसन टॅक्स बसला, उत्तरेकडे आणि बंगालमध्ये जमिनीवर जादा उपकर बसले. त्याच सुमारास मुंबई आणि मद्रास इलाख्यांत मिठावरची जकात मणामागे १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आण्यांवर नेली. सगळ्या प्रांतांत मिठाचा दर सारखा करायचा, हे त्याचं कारण सांगितलं गेलं. आता बघा, दुष्काळाने सर्वांत जास्त माणसं ज्या इलाख्यांत मेली, तिथेच मीठ महाग झालं.

लायसन टॅक्स तेल्यावर होता, किराणा दुकानदारावर होता, छोट्या सावकारावर होता. सरकारी अधिकाऱ्यांवर आणि वकील-डॉक्टरांवर नव्हता. म्हणजे कर ठरवणारे साहेब त्यातून सुटले, आणि अर्ज लिहिणारे आपले पुढारीही, कारण सभेतली बरीचशी मंडळी वकील आणि नोकरदारच होती. 'आम्हाला का वगळलं?' असं त्यांच्यापैकी काहींनी विचारलंही, पण हा मुद्दा आपल्याकडच्या इतिहासात जरा हळू आवाजातच सांगितला जातो.

कर नवा, तोही दुष्काळातून लोक उठत असताना. तेव्हा लोकांना काहीतरी हमी देणं भाग होतं. फेब्रुवारी १८७८ मध्ये कलकत्त्याला कायदेमंडळात लॉर्ड लिटन यांनी ती दिली, आणि अगदी निःसंदिग्ध शब्दांत दिली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा : या वाढीव कराचं एकमेव समर्थन म्हणजे आम्ही दिलेलं वचन, वर्षाला दीड कोटीहून कमी नाही इतकी रक्कम दुष्काळापासून संरक्षणासाठीच लागेल, या खास उत्पन्नातला एकही रुपया वेगळ्या प्रकारच्या कामावर खर्च होणार नाही.

एकही रुपया नाही. हे शब्द लक्षात ठेवा, पुढची २० वर्षं लोक ते विसरले नाहीत.

याच वचनानंतर महिन्याभरात, १४ मार्चला, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट आला. एप्रिलमध्ये सुरतेला लायसन टॅक्सविरुद्ध दुकानं बंद झाली, दंगल झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नंतर जो खटला चालला त्यात आरोपींच्या बाजूने फिरोजशहा मेहता उभे राहिले. पुण्यात त्याच वर्षी सार्वजनिक सभेचं इंग्रजी त्रैमासिक सुरू झालं, त्यातले कित्येक लेख न्यायमूर्ती रानड्यांच्या हातचे. ते इंग्रजी असल्याने प्रेस ॲक्टच्या कचाट्यात येत नव्हतं.

मग आला नोव्हेंबर १८७८. अफगाणिस्तानवर स्वारी.

लढाईचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर. सुरुवातीचा अंदाज साफ चुकला आणि खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेला. मार्च १८७९ च्या अंदाजपत्रकात स्ट्रेचींना कबूल करावं लागलं की दुष्काळाच्या विम्यासाठी जी शिल्लक धरली होती ती आता जवळपास उरलेलीच नाही. वचनाला तेरा महिने झाले होते. कर मात्र चालू. आणि त्याच मार्चमध्ये लिटन यांनी आपल्या कौन्सिलातल्या बहुमताला डावलून विलायती जाड्याभरड्या कापडावरची आयात जकात माफ केली! लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची ती जुनी मागणी होती. दुष्काळासाठी शिल्लक नाही, पण जकात सोडायला आहे, हे गणित पुण्याच्या किंवा मुंबईच्या कुठल्याही व्यापाऱ्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

याच १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. लष्करावर पैसा कसा जातो हे रोज कागदावर पाहणारा माणूस! त्यांच्या जाहीरनाम्यात करांचा बोजा आणि साहेबांचे गलेलठ्ठ पगार यांविरुद्ध तक्रार आहे, लोकांना काम द्या अशी मागणी आहे. दुष्काळ फंडामुळे ते बंड झालं असं आम्ही म्हणत नाही. पण ज्या हवेत ते झालं तिच्यात हे सगळं होतं.

आता सरकारचा बचाव नीट ऐकून घेऊ, कारण आपल्याकडे तो सहसा कोणी सांगत नाही. सरकारचं म्हणणं असं की 'फंड' नावाची वेगळी पेटी कधी नव्हतीच. अंदाजपत्रकात दरसाल दीड कोटींची शिल्लक राखायची, चांगल्या वर्षी तिच्यातून कालवे-रेल्वे बांधायची किंवा तेवढं कर्ज कमी घ्यायचं. दुष्काळाच्या वर्षी मग तेवढं कर्ज निर्धास्तपणे काढता येतं. घरातलं उदाहरण घ्या. मुलीच्या लग्नासाठी म्हणून कोणी डब्यात पैसे ठेवतो, कोणी त्याच पैशांनी सोसायटीचं कर्ज फेडतो आणि म्हणतो, लग्नाच्या वेळी पुन्हा कर्ज मिळेल. दुसरा माणूस लबाड आहे असं नाही. पण मधल्या काळात त्याने भावकीशी कोर्टबाजी सुरू केली आणि सगळी पत त्यात घालवली, तर लग्नाचे पैसे गेले की नाही? डबा नव्हताच, असं म्हणून कसं चालेल?

तेव्हा हिशेबाच्या वहीत कोणी खोटं लिहिलं, असा आमचा आरोप नाही. रेल्वेही काही झाल्या; पुणे-मिरज-बेळगावकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वे दुष्काळी भागात धान्य पोचवण्याच्या हेतूनेच बांधली गेली, आणि पुढच्या दुष्काळात तिचा उपयोग झाला. फसवणूक शब्दांत होती. वेगळं खातं ठेवायचं नाही हे ज्यांनी ठरवलं होतं, त्यांनीच लोकांसमोर रुपया न् रुपया वेगळा ठेवल्यासारखं बोलून कर पदरात पाडून घेतला.

हा वाद खऱ्या अर्थाने रंगला तो मात्र कलकत्त्यात नाही, पुण्यात नाही, तर स्कॉटलंडमध्ये. १८७९ च्या अखेरीस आणि १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी मिडलोदियन मतदारसंघात जी गाजलेली भाषणं केली, त्यांत त्यांनी हा विषय घेतला. कर घेतला, वचन दिलं, वचन साफ मोडलं, पैसा अफगाणिस्तानच्या अन्यायी युद्धात गेला, असा त्यांचा सूर. सोलापूरच्या तेल्याने भरलेल्या कराचा जाब एडिंबराजवळच्या सभेत विचारला गेला. तिथल्या एकाही मतदाराने तो कर भरला नव्हता, आणि भरणाऱ्या एकालाही मत नव्हतं.

ग्लॅडस्टन जिंकले. लिटन राजीनामा देऊन गेले, लॉर्ड रिपन आले. आपल्याकडे केवढा आनंद झाला! प्रेस ॲक्ट १८८२ मध्ये रद्द झाला. अफगाण युद्धाच्या खर्चापैकी ५० लाख पौंड इंग्लंडच्या खजिन्यातून मिळाले, हेही सांगितलं पाहिजे. दीड कोटींची तरतूद पुन्हा सुरू झाली. लायसन टॅक्स? तो राहिला. छोट्या धंदेवाल्यांना १८८० मध्येच सूट मिळाली होती, तेवढंच.

पुढे १८८५-८६ मध्ये रशियाची भीती, वरच्या ब्रह्मदेशाची लढाई, रुपयाचा घसरता भाव. लॉर्ड डफरिन यांच्या सरकारने लायसन टॅक्सचं रूपांतर १८८६ मध्ये इन्कम टॅक्समध्ये केलं. आता नोकरदार आणि वकील आत आले, शेतीचं उत्पन्न बाहेर राहिलं, ५०० रुपयांपासून पुढे कर सुरू. आणि त्याच सुमारास दुष्काळाची तरतूद पुन्हा आखडली गेली. म्हणजे ज्या पक्षाने मिडलोदियनमध्ये वचनभंगाबद्दल गळा काढला, त्याच्याच काळात नेमलेल्या व्हाइसरॉयने तेच केलं. दादाभाई नौरोजींनी ग्लॅडस्टन यांचे शब्द पुन:पुन्हा इंग्रजांपुढे ठेवले ते उगाच नाही. आणि एक गंमत पाहा, इन्कम टॅक्स अंगावर आल्यावर आपली पुढारी मंडळी एकदम जागी झाली. काँग्रेसने ५०० ची मर्यादा १,००० करा म्हणून वर्षानुवर्षं ठराव केले, आणि १९०३ मध्ये ती झालीही. मिठाची जकात मात्र १८८८ मध्ये सगळीकडे अडीच रुपये मण झाली होती.

१८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा हे सगळं उफाळून वर आलं. लंडनच्या लॉर्ड मेयरांनी मदतनिधी उघडला, इथेही वर्गण्या सुरू झाल्या, आणि लोक विचारू लागले : दीड कोटी दरसाल भरत होतो ना, मग ही झोळी कशाला? गोपाळराव गोखल्यांनी वेल्बी आयोगापुढे या तरतुदीतून कुठल्या कुठल्या रेल्वे कंपन्यांचा तोटा भरून काढला जातो, ते मांडलं. टिळकांच्या 'केसरी'ने आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी वेगळी वाट धरली. त्यांनी दुष्काळाचा सरकारी कायदा, म्हणजे फॅमिन कोड, मराठीत गावोगाव समजावून सांगितला : काम मागा, सारातहकूब मागा, ही भीक नाही, सरकारनेच लिहून ठेवलेलं आहे. सरकारला हे झोंबलं. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केलं की सार्वजनिक धोरणाविषयी सरकारला लिहिण्याचा अधिकार या सभेला यापुढे नाही.

आता त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे. १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्या राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांचं नाव आपण सगळे घेतो. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. आजही बहुतेकांच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते तेच. पण इथे १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात वेगळा निधी लिहून ठेवला, आणि कराच्या रकमेइतकीच भर सरकारने आपल्या पदरची घालायची, असंही ठरलं. लिटन यांनी जे भाषणात सांगितलं होतं, ते इथे कायद्याच्या कलमात आलं. २००५ नंतर मजुरीचा मोठा वाटा केंद्राच्या कायद्यातून येऊ लागला, तरी कर चालूच आहे. त्या निधीत दरसाल किती जमा झाले आणि किती खर्च झाले, हा प्रश्न आपला आमदार विधानसभेत विचारू शकतो. तुमच्या आमदाराने तो कधी विचारला आहे का, हे घरी गेल्यावर जरूर तपासा, आणि पुढच्या वेळी आम्हालाही सांगा.