काचेच्या पेटीतील रोगी

गाय आजारी पडली की वैरण टाकते, कुत्रे आजारी पडले की कोपऱ्यात जाऊन कण्हते. माशाच्या बाबतीत अशी काही सोय नाही. त्याचा आवाज आपल्या कानी येत नाही, त्याला पापण्या नाहीत, आणि हात लावून ताप पाहावा तर त्याचे अंग पाण्याइतकेच गार. म्हणून हौसेने आणलेला मासा चार दिवसांनी पाण्यावर आडवा तरंगताना दिसला म्हणजे ‘काल तर चांगला होता’ असेच उद्गार घरोघर निघतात. वस्तुतः तो काल चांगला नव्हता; आणि हे ओळखावयास माणसाला पुष्कळ शतके लागली, असे इतिहास सांगतो.

आपल्याकडे माशांचे निरीक्षण कमी झाले होते असे नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. त्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांना रुचणारी आमिषे आणि गळाने ते धरण्याची रीत यांचे वर्णन आहे. परंतु तेथील मासा हा सावज आहे, रोगी नव्हे. मासा जवळ बाळगून त्याच्या दुखण्याची नोंद करण्याचे काम चीनमध्ये झाले.

सुंग राजवटीत, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ या काळात, तेथे लालसर सोनेरी मासे तळ्यांत पाळण्याची प्रथा रुजली. पुढे हे मासे तळ्यांतून घरच्या कुंड्यांत आले, आणि १५९६ साली जांग छ्येनद नावाच्या लेखकाने केवळ या माशांवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या पुष्कळ आधीची एक नोंद मात्र मला अधिक मोलाची वाटते. अकराव्या शतकातील कवी सू शी याच्या नावावर मोडणाऱ्या एका संग्रहात असे सांगितले आहे की, मासा रोडावून अंगावर पांढरे ठिपके आले तर ती माशाची ऊ समजावी, आणि फेंग नावाच्या झाडाची साल पाण्यात टाकावी. ग्रंथ त्या कवीचाच आहे की नाही याचा वाद विद्वानांवर सोपवू. लक्षण दिले आहे ते मात्र अचूक आहे, आणि आजही मासे पाळणारा पहिल्यांदा घाबरतो तो याच ठिपक्यांना.

युरोपात ही विद्या निराळ्या वाटेने गेली. १८४९ च्या मे महिन्यात लंडन येथे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या काचपात्रात दोन लहान सोनेरी मासे ठेवले आणि सोबत व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. मासे सोडतील तो कर्बवायू वनस्पतीने घ्यावा, वनस्पती देईल तो प्राणवायू माशांनी घ्यावा, आणि पाणी न बदलता दोघांचा संसार चालावा, असा त्याचा हिशेब होता. पण जुनी पाने कुजून पाणी गढुळले. तेव्हा वॉरिंग्टनने त्यात कुजके खाणाऱ्या पाणगोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हा वृत्तांत केमिकल सोसायटीपुढे ठेवला. गोगलगायी हे माशावरचे औषध नव्हते, पाण्यावरचे होते. या प्रयोगाचे खरे महत्त्व मला यातच दिसते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि काचेच्या पेट्या दिवाणखान्यांत शिरल्या.

वॉरिंग्टनच्या हिशेबात एक रक्कम मात्र राहून गेली होती. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो आणि तो त्यालाच विषासारखा बाधतो. जुन्या, स्थिरावलेल्या पाण्यात हे विष साठत का नाही, याचा उलगडा १८९० च्या सुमारास झुरिक येथे सेर्गेई विनोग्राड्स्की यांच्या संशोधनाने झाला. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे दोन निरनिराळे जीवाणू आहेत, हे त्यांनी मातीच्या अभ्यासातून दाखविले. तेच कार्य पेटीतील वाळूवर व दगडांवर चालते. नव्या धुतलेल्या पेटीत हे जीवाणू नसतात, त्यांची वस्ती होण्यास कित्येक आठवडे लागतात. आणि आपण तर पेटी व मासे एकाच दिवशी घरी आणतो!

इकडे ठिपक्यांचेही रहस्य उलगडत होते. १८६९ मध्ये हिल्गेनडॉर्फ व पाउलिकी या जर्मन संशोधकांनी माशांच्या त्वचेत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचे वर्णन केले. १८७६ मध्ये फ्रान्सच्या फूके याने त्याला नाव दिले इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस, म्हणजे ‘बहुप्रसव मत्स्ययूका’. यूका म्हणजे ऊ. चिनी लेखकाला सुचले तेच नाव ग्रीक वेषात परत आले, ही गंमत होय. हा जीव माशाच्या कातडीखाली पोसतो, पुष्ट झाल्यावर गळून तळाशी बसतो, स्वतःभोवती कोश करतो आणि त्यातून शेकडो पिले बाहेर पडून नवा मासा शोधू लागतात. औषधाचा मारा बसतो तो या पोहणाऱ्या पिलांवरच. म्हणजे ठिपके नाहीसे झाले तर मासा बरा झाला असे नव्हे. पुष्कळदा ती पुढच्या हल्ल्याची तयारी असते. फेंगच्या सालीला मिळालेले श्रेय अंशतः या गळून पडण्याला असावे, असा माझा तर्क आहे.

तथापि परजीवी जुन्या माशांतही थोडेबहुत असतात. मग नवाच मासा का बळी पडतो? याचे उत्तर मत्स्यविद्येबाहेरून आले. १९३६ मध्ये माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी दाखविले की, थंडी, अतिश्रम, जखम, विष असे निरनिराळे आघात केले तरी उंदरांच्या शरीरात फेरफार एकाच ठशाचे होतात. यालाच पुढे ‘स्ट्रेस’, म्हणजे ताण, हे नाव रूढ झाले. मासाही त्याला अपवाद नाही, असे नंतरच्या संशोधकांना आढळले. धरपकड झाली की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल हा स्राव वाढतो. तो फार काळ चढा राहिला की रोगाशी झुंजण्याची शक्ती खालावते, आणि गोड्या पाण्यातील माशाच्या अंगातील क्षारही झिरपून जाऊ लागतात.

तेव्हा ठिपका दिसण्याची वाट पाहू नये. पहिली खूण श्वासात असते. कल्ल्यांची झाकणे भराभर उघडमीट करीत असतील, किंवा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड वासत असेल, तर दुखणे सुरू झाले आहे. सगळेच मासे एकदम असे करू लागले तर दोष बहुधा पाण्याचा, एकटाच करीत असेल तर बहुधा त्याच्या शरीराचा. पर अंगाशी मिटून घेणे, रंग फिका पडणे, दगडावर अंग घासणे, एका कोपऱ्यात जागच्या जागी डोलत राहणे ही पुढची लक्षणे. पहिला दिवसभर लपून बसणे किंवा अन्नाला तोंड न लावणे यात मात्र विशेष काही नाही. परक्या घरी गेलेले मूलही असेच करते. खवले पिंजारल्यासारखे उभे राहिले आणि पोट फुगले, म्हणजे पुष्कळ उशीर झाला असे समजावे.

प्रवासाच्या पिशवीविषयी एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. बंद पिशवीत कर्बवायू साठून पाणी आम्लधर्मी होते, आणि तशा पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो, आम्लता घटते, आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत तासभर ताटकळत ठेवण्यात दया नाही. पिशवी बंद असतानाच ती पेटीतल्या पाण्यावर ठेवून उष्णमान जुळवावे, मग उघडून मासा लवकर आत घ्यावा आणि पिशवीतले पाणी ओतून टाकावे.

एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा या बंदराने १३७७ मध्ये प्लेगच्या भयाने परगावच्या प्रवाशांना तीस दिवस वेगळे राहावयास लावले. क्वारंटाइनची ती प्रथा माशांनाही लागू आहे. नवा मासा निराळ्या भांड्यात ठेवावा, मात्र ते भांडेही आधीपासून स्थिरावलेले हवे. गोव्याच्या उबदार पाण्यात ठिपक्यांच्या जीवाचे चक्र आठवड्याभरात पुरे होते, त्यामुळे तीन-चार आठवडे पुरेसे होतात. ग्वाल्हेरच्या माघातील गार पाण्यात तेच चक्र कितीतरी मंदावते; तेथे या मुदतीत आणखी दोन-तीन आठवड्यांची भर घालावी लागते.