मिरजेचा तंबोरा आणि यंत्राचा तंबोरा

यंत्र माणसाच्या हातची नक्कल किती हुबेहूब करू शकते, हा प्रश्न आम्हा कामगार चळवळीतील माणसांना नवा नाही. त्याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. सांगलीशेजारी मिरज आहे.

मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अंमल आला, हत्यारांचे काम सुटले. तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती व पुढे घडण हाती घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुनाचे लाकूड आणि पिढीजात कान यांवर हा धंदा उभा राहिला.

तंबोऱ्याचे मर्म त्याच्या घोडीत आहे. घोडीचा माथा किंचित वाटोळा घासलेला असतो. तार व घोडी यांमध्ये सुताचा धागा सरकवला की तार घोडीला चाटत कंप पावते आणि स्वर झणकारू लागतो. हीच जवारी. जेथे तार छेडली असता एखादा उपस्वर उमटू नये असे जुना नियम सांगतो, तेथे छेडूनही तंबोऱ्यात तो ऐकू येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले.

१९७९ साली बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा काढला. पुढे खऱ्या तंबोऱ्याचा मुद्रित नाद वाजविणारी यंत्रे आली. आता तो मोबाइलमध्येही आहे. २०१६ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी तर तार, घोडी व धागा यांचे गणितच संगणकावर मांडले.

मग नक्कल साधली काय? निम्मीअर्धी साधली, असे आम्ही म्हणतो. यंत्र उतरत नाही, त्याला साथीचा माणूस लागत नाही. एकट्या, गरीब विद्यार्थ्याला हा मोठा आधार आहे. तो नाकारणे कोतेपणाचे होईल. परंतु मुद्रित नाद हा एका तंबोऱ्याचा, एका दिवशीचा नाद. खरा तंबोरा हवेबरोबर बदलतो, गाणाऱ्याच्या आवाजाला त्याच्या तारा साद देतात. आणि गणित मांडणाऱ्यालाही मापे घेण्यास आधी कोणीतरी घासलेली घोडी लागतेच.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा नावाचा मान झाला. जवारी काढणाऱ्याच्या मुलाने तोच धंदा धरावा एवढी मजुरी त्यातून सुटते काय, हा खरा सवाल आहे. यंत्राशी भांडण न मांडता त्या हाताला रास्त दाम मागणे, हेच आपले काम होय.