संथ स्क्रिप्टचे मूळ
वेबपान अडखळते तेव्हा कोणती स्क्रिप्ट कशाच्या निमित्ताने चालली, याचा शोध. ब्राउझरचा मुख्य थ्रेड एका वेळी एकच काम करतो. 50 मिलिसेकंदांहून लांबलेले काम दीर्घ मानतात. जुन्या लाँग टास्क्स एपीआयमधून वेळ कळे, पण ते काम काढले कोणी, हे बहुधा गुलदस्त्यातच राही. क्रोम 123 मध्ये (2024) आलेल्या लाँग अ‍ॅनिमेशन फ्रेम्स एपीआयने ही उणीव बरीच भरून काढली. लांबलेल्या फ्रेममध्ये 5 मिलिसेकंदांहून जास्त चाललेल्या स्क्रिप्टचा पत्ता, फंक्शनचे नाव आणि ‘इन्व्होकर’, म्हणजे तिला चालवणारे निमित्त, त्यात मिळते. ‘सेटटाइमआउट’ दिसले तर टायमर, बटणाच्या नावापुढे ‘ऑनक्लिक’ दिसले तर वापरकर्त्याचे बोट. मात्र ही नोंद फक्त प्रवेशद्वार दाखवते. खरा वेळखाऊपणा पुढे बोलावलेल्या एखाद्या फंक्शनमध्ये असू शकतो, आणि घाईत नेमके तेच विसरले जाते. परक्या डोमेनच्या आयफ्रेममधील स्क्रिप्ट यात दिसत नाहीत. मोजणी प्रत्यक्ष वापरातली हवी: कार्यालयातल्या तगड्या लॅपटॉपवर सुरळीत चालणारे पान अकोल्याच्या जठारपेठेत स्वस्त फोनवर अडकू शकते. 12 मार्च 2024 पासून गूगलच्या कोअर वेब व्हायटल्स या निकषांमध्ये पानाचा प्रतिसाद आयएनपीने (इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट), म्हणजे वापरकर्त्याच्या कृतीपासून पडद्यावर पुढचा बदल दिसेपर्यंतच्या वेळेने मोजतात. 200 मिलिसेकंदांपर्यंतचा चांगला समजला जातो.