माळरानावरील सायकल शर्यत : आखणी आणि प्रसार

खडकाळ, चढउताराच्या वाटांवरील 'माउंटन बाइक' शर्यतींचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा. तेथील मरीन परगण्यात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही हौशी तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून पिटाळल्या. ब्रेक तापून त्यातील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नाव पडले 'रिपॅक'. १९९० मध्ये ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या प्रकारातील 'क्रॉस कंट्री'ला स्थान मिळाले. भारतात आशियाई अजिंक्यपद स्पर्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातील पोनमुडी येथे झाली.

पुणेकरांना अशा शर्यतीसाठी सह्याद्रीचा घाटमाथाच आठवतो. तथापि पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, शिक्रापूर-शिरूर पट्ट्यातही मुरमाड माळ, ओढे आणि बैलगाडीच्या वाटा आहेत. येथे शर्यत आखताना काही पथ्ये पाळणे अगत्याचे ठरते.

मार्ग : सरळ लांबच लांब मार्गापेक्षा चार ते सहा किलोमीटरची फेरी सोयीची. स्वयंसेवक कमी लागतात आणि प्रेक्षकांना स्पर्धक पुन:पुन्हा दिसतात. आरंभ रुंद जागेवर असावा. अरुंद पायवाट लागेपर्यंत गर्दी पांगली पाहिजे. काळी माती ओली झाली की चाकांत अडकून बसते. त्यामुळे वाट मुरमाची आणि काळ पावसाळ्यानंतरचा निवडावा. मात्र त्याच दिवसांत ऊसवाहतूक सुरू असल्याने मार्गाने डांबरी रस्ता ओलांडू नये, हे उत्तम.

सुरक्षितता : या भागातील खरा धोका उतारांचा नव्हे, तर कठडा नसलेल्या विहिरी, प्लॅस्टिकचे अस्तर असलेली निसरडी शेततळी आणि काटेरी तारांची कुंपणे यांचा. त्यांपासून मार्ग दूर ठेवावा. ते शक्य नसेल तेथे अडथळे उभारून माणूस नेमावा. रुग्णवाहिका प्रत्येक टप्प्यापर्यंत पोहोचते का, याची आदल्या दिवशी प्रत्यक्ष फेरी मारून खात्री करावी. हेल्मेटविना कोणासही सोडू नये.

परवानग्या : मार्गावरील प्रत्येक शेतकऱ्याची लेखी संमती, ग्रामपंचायत व पोलिसांची परवानगी आणि वनजमीन असल्यास वन विभागाची मान्यता आवश्यक.

प्रसार : शिरूर-खेडच्या गावांना शर्यतीचे वेड नवे नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर गर्दी कशी आवरावी, हे तेथील यात्रा समित्यांना अनुभवाने ठाऊक असते. त्यांना संयोजनात सामावून घेतल्यास निम्मा प्रचार आपोआप होतो. महागड्या सायकलींवरील शहरी स्पर्धकांबरोबरच शाळेला साध्या सायकलीवर जाणाऱ्या मुलामुलींसाठी स्वतंत्र फेरी ठेवावी. अन्यथा ही शर्यत गावासाठी पाहुण्यांचा तमाशाच राहील.

शर्यत संपल्यावर बांध दुरुस्त करणे आणि कचरा उचलणे हाही आखणीचाच भाग होय. पुढच्या वर्षी तोच शेतकरी आपल्या शेतातून वाट देतो का, हीच संयोजकांची खरी परीक्षा.